न तोलता दिलेली भाजी

मी तराजू बोलतोय. दोन पारडी, मधे दांडी, दांडीवर काटा, असा हातात उचलून धरायचा जुना लोखंडी तराजू. खोटं सांगणं मला जमत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो: मी मत्सरी आहे. एका कापडी झोळीवर माझा जीव इतकी वर्षं जळला, की माणसांमध्ये सवतीसुद्धा एवढ्या जळत नसतील.

माझा जन्म १९९९ सालचा, गोंदियाचा. खुशाल मिस्त्रीने मला भट्टीजवळ बसून घडवलं. माझं डावं पारडं जरा हलकं निघालं, तेव्हा त्याने त्याच्या खाली शिशाचा एक थेंब डकवला, मला उचलून धरलं, एक डोळा मिटून काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं. आता झाला." मग वजनमापाच्या कार्यालयात जाऊन माझ्या दांडीवर शिक्का बसला. शिक्का बसला त्या दिवशी मला वाटलं, आता सगळं जग माझा शब्द मानणार.

मला विकत घेतलं कुंदाबाईने. ती चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावची, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची लेक. नवऱ्याला, उमरावला, गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमालीचं काम लागलं म्हणून दोघं शहरात आली. उमराव धानाचे कट्टे, म्हणजे पोती, उचलायचा आणि कुंदाबाई भाजीबाजारात बोरा, म्हणजे गोणपाट, अंथरून बसायची. मला घरी आणलं त्या दिवशी तिने माझ्या दांडीला हळदकुंकू लावलं, आणि भिंतीतल्या खुंटीवर टांगलं. ती खुंटी माझी झाली.

ते दिवस चांगले होते. सकाळी ती मला पुसायची, पारड्यांच्या साखळ्यांचा गुंता सोडवायची आणि डाव्या हातात असा अलगद धरायची, की मला माझं वजन कळायचं नाही. वांगी, दोडके, वालाच्या शेंगा, थंडीत टमाटर (आमच्या भागात त्याला भेदरे म्हणतात), सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं माझ्यावरून जायचं. कुंदाबाईने कधी काटा मारला नाही. अंगठ्याने पारडं दाबणं, वजनाखाली ओली माती चिकटवणं, बाजारात सगळं चालायचं. तिच्या बोऱ्यावर नाही.

पण माझं एक दुःख होतं, आणि ते मला फार उशिरा उमगलं. गिऱ्हाईक येई, पहिली नजर माझ्याकडे टाकी, आणि ती नजर चोराकडे बघावं तशी असे. "काटा सीधा रखो बाई." "बराबर तौलना." "पाह्य वं, तिकडं झुकून राहिला." मी खरं सांगायचो आणि लोक माझी उलटतपासणी करायचे. भाजी घेऊन जाताना ते वांग्यांकडे बघून हसत, कुंदाबाईशी दोन शब्द बोलत. माझ्याकडे बघून कोणी कधी हसलं नाही.

तरी मला चालत होतं. कारण सगळ्यांना सारखंच वागवलं जातं असं मी समजत होतो. मग ती झोळी आली.

साल २००६ असावं. थंडीचे दिवस. त्या वर्षी भेदरे इतके आले की कोणी ढुंकून बघेना. दुपारी चारच्या सुमाराला बाजार सुस्त पडतो. सकाळचं गिऱ्हाईक गेलेलं असतं, संध्याकाळचं यायचं असतं, आणि नाजूक भाजी तेवढ्यात मान टाकते. बायका भेदऱ्यांच्या टोपल्या गाईंपुढे ओतत होत्या. त्या वेळी एक बाई आली. पांढरी सुती साडी, चष्मा, पायात रबरी चपला. खांद्यावर जुन्या लुगड्याची शिवलेली मोठी झोळी, हिरवी, लाल काठाची.

ती अंजनाबाई. नगरपरिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, नुकतीच निवृत्त झाली होती. प्रत्येक बोऱ्यापुढे थांबून ती एकच वाक्य बोलायची, "संध्याकाळपर्यंत टिकणार नाही असं जे असेल ते द्या. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीत नेते. आजच शिजवतील."

बायका हसल्या. कोणी तरी म्हणालं, "मास्तरीणबाई भीक मागून राहिली." अंजनाबाईने ते ऐकलं आणि पुढच्या बोऱ्याकडे गेली.

कुंदाबाईपुढे आली तेव्हा कुंदाबाईने तिच्याकडे पाहिलं, भेदऱ्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि सवयीने मला उचललं. अंजनाबाई म्हणाली, "तोलू नका. कशाला तोलायचं?"

आणि कुंदाबाईने मला खाली ठेवलं. दोन्ही हातांच्या ओंजळी भरून तिने भेदरे झोळीत टाकले. एक, दोन, पाच, सात ओंजळी. मी खाली पडून बघत होतो. माझ्यावरून न जाता माल जातो कसा? असं कधी झालं नव्हतं. आणि जाताना अंजनाबाईने त्या फुगलेल्या झोळीवर हात फिरवला, गाभण गाईच्या पोटावरून फिरवतात तसा.

तिथे माझ्या मत्सराचा जन्म झाला.

पुढे आणखी चारपाच बाया आल्या आणि अंजनाबाईचं मंडळ झालं. कागदावर त्याचं नाव काहीतरी मोठं होतं. बाजारात सगळे त्याला 'उरलंसुरलं मंडळ' म्हणत. मंगळवार आणि शनिवार, दुपारी चार वाजता. दोन वर्षं कुंदाबाई नुसती भाजी देत होती. मग एका मंगळवारी तिने बोरा शेजारच्या मंजूच्या हवाली केला, दुसरी एक झोळी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि अंजनाबाईसोबत निघून गेली. मी मंजूच्या गोणपाटाखाली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. बाजारातून घरी येताना ती नेहमी थकलेली असायची. आज ती घरात शिरल्या शिरल्या बोलायला लागली.

"तिथं एक रुख्मा हाय," ती उमरावला सांगत होती. "बिड्या वळते. चाळीस वर्षं झाले म्हणे. मी तिले वांगे देल्ले तं तिनं मलेच शिकवलं, हे वांगे चुलीत भाजून त्यात सांभार कसा घालाचा ते. मी म्हटलं, बाई, मी वांगे इकते, मले नोको शिकवू. तं सगळ्या बाया हासल्या."

उमराव पाय चेपत बसला होता. तो म्हणाला, "संध्याकाळचा धंदा सोडून जाते तू. मंजू काय तुह्या मालाकडं पाह्यते?"

"दोन दिसाचं काम हाय."

"मले तं कधी एवढी हासून नाही बोलली."

ती चुलीकडे वळली. तो बिचारा माणूस आणि मी लोखंड, पण त्या क्षणी आम्ही दोघं एकाच बाजूला होतो.

तिने झोळी झटकली आणि टांगली. कुठे टांगली? माझ्या खुंटीवर. माझ्याच दांडीवरून तिचा बंद टाकला. आता रोज ती माझ्या अंगावर पडून राहायची, सांभाराचा आणि ओल्या मातीचा वास घेऊन. मंगळवारी आणि शनिवारी मी बाजारातून यायचो संशयाने न्हाऊन, आणि ती यायची आशीर्वाद घेऊन. लोक झोळीला हात लावून बघतात म्हणे. मुलं तिच्यात डोकावतात. म्हाताऱ्या म्हणतात, आली का वो आमची झोळी. हे सगळं मी कुंदाबाईच्या तोंडून ऐकत होतो. जे दिसत नाही त्याचा मत्सर जास्त होतो, कारण डोळ्यांना ते खोटं पाडता येत नाही.

मी मनात म्हणायचो, तुम्ही अंदाजाने वाटता. अंदाज म्हणजे अन्याय. एक दिवस भांडण होईल, आणि त्या दिवशी तुम्हाला माझी आठवण येईल.

२०१०च्या फेब्रुवारीत ते भांडण झालं.

वस्तीत शामकला नावाची बाई होती. तिशी ओलांडलेली, तोंडाची फटकळ, नवरा ट्रकवर. ट्रक कोहमाऱ्याच्या पुढे कुठे तरी जायचा आणि नवरा महिनामहिना यायचा नाही. तिने एका शनिवारी सगळ्यांसमोर अंजनाबाईला विचारलं, "रुख्माच्या पदरात काऊन जास्त पडते वो? मी दर खेपी पाह्यते."

पडत होतं जास्त, ते खरं होतं. रुख्माच्या सुनेला सिकलसेल होता, तिला दर दोनतीन महिन्यांनी दवाखान्यात न्यावं लागे, आणि घरात तीन लहान पोरं. अंजनाबाई तिला पालकाची एखादी जुडी जास्त घालायची. हे ती सांगू शकली असती. पण सुनेचा आजार चारचौघांत कसा सांगायचा, म्हणून ती गप्प राहिली.

तिच्या गप्प राहण्याचा शामकलाने वेगळा अर्थ लावला. ती म्हणाली, "आपल्या समाजाच्या बायाईले भरभरून द्याचं, अन् आमाले वरवरचं."

अंजनाबाई बौद्ध होती, रुख्माही बौद्ध. शामकला नव्हती. वस्तीत दोन्हीकडची घरं होती, भिंतीला भिंत लावून. इतके दिवस झोळीभोवती हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. आता सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, ही कोणाची, ती कोणाची.

त्या संध्याकाळी अंजनाबाई आमच्या घरी आली. मी खुंटीवरून पाहत होतो. ती चहाला हात लावत नव्हती.

"छत्तीस वर्षं वर्गात शिकवलं मी," ती म्हणाली. "कधी कोणी असं बोललं नव्हतं. बंद करू या मंडळ."

 कुंदाबाईने वर पाहिलं. माझ्याकडे.

"बंद कायले कराचं? काटा नेऊ. काटा कोनाचा सोयरा नाही."

चार वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो.

मंगळवारी तिने मला चिंचेने घासलं. पारडी चकाकली. मी रुबाबात वस्तीत गेलो. बावीस घरं. रेल्वे लाइनच्या कडेला पळसाचं एक झाड होतं, त्याखाली बायका रांगेने उभ्या राहिल्या. एरवी रांग नसायची म्हणे, घोळका असायचा. प्रत्येक घराला दीड किलो, मिसळ भाजी. एका पारड्यात एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं वजन, दुसऱ्यात भाजी. काटा सरळ आला की पुढची.

मी वाट पाहत होतो हसण्याची. कुंदाबाई ज्याचं वर्णन करायची ते हसणं, ती थट्टा, ती वांग्याची कृती. कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे माझ्या काट्यावर. तीच नजर. बाजारातली नजर माझ्यामागे इथवर चालत आली होती.

शामकलाने आपलं घेतलं, काट्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि बाजूला झाली. तिचं समाधान झालं होतं. मला वाटलं, बघा, जमलं.

मग रुख्मा आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. काटकुळी म्हातारी, बोटांची टोकं तेंदूपत्त्याने आणि तंबाखूने काळपट झालेली. कुंदाबाईने भाजी टाकली. पारडं किंचित खाली गेलं. कुंदाबाईने दोन वांगी उचलून परत झोळीत टाकली. काटा सरळ आला.

रुख्माने ती दोन वांगी जाताना पाहिली. तिने पदर पुढे केला नाही.

"बाई," ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "जनम गेला माह्या मोजून देन्यात. हजार बिड्या मोजून द्याच्या. ठेकेदाराचा मानूस त्यातल्या उचलून छाट म्हून बाजूले फेकते. दोन फेकते, दहा फेकते. मी काही म्हनत नाही, ते काम हाय. पन हे काम नोहोतं. इथं मी मंगळवारी हासाले येत होती."

कुंदाबाई म्हणाली, "सगळ्याईले सारखं म्हून..."

"सारखं हाय ना. ठेव तुह्यापाशी."

आणि ती गेली. पारड्यातली भाजी तशीच राहिली. दीड किलो, काट्याला काटा.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी मनात म्हणालो, म्हातारीला जास्तीची सवय लागली होती, ती मोडली म्हणून रागावली. परतीच्या वाटेवर झोळी तळाशी रुख्माचं दीड किलो घेऊन लोंबत होती आणि मी ताठ होतो.

शनिवारी बावीसपैकी चौदा घरं आली. पुढच्या मंगळवारी नऊ. त्याच्या पुढे सात. बौद्धांचीही गेली आणि बाकीच्यांचीही. मोजून घ्यायला कोणी ना म्हणालं नाही, भांडलं नाही. फक्त कोणाला काम होतं, कोणाला पाहुणे. अंजनाबाई एकदा म्हणाली, "आज दारं लोटलेली होती. आत चूल पेटलेली दिसत होती. मी आवाज दिला नाही."

झोळी आता भरून जायची आणि अर्धी भरून परत यायची. माझ्या खुंटीवर, माझ्या अंगावर, ती कोमेजलेला पालक घेऊन पडायची. सकाळी कुंदाबाई तो शेजाऱ्याच्या गाईपुढे टाकायची. चार वर्षं ज्या गोष्टीसाठी मी जळलो ती आता माझ्या हातात होती. कोणीही झोळीवर हात फिरवत नव्हतं. मी जिंकलो होतो. पण कुंदाबाई घरी येऊन बोलेनाशी झाली. उमरावने एकदा स्वतःहून विचारलं, "आज काय म्हने तुही रुख्मा?" ती म्हणाली, "येत नाही आता."  त्यालाही ते बोलणं हवंसं झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मार्चच्या शेवटी एका दुपारी शामकला बाजारात आली. कुंदाबाईच्या बोऱ्यापुढे उकिडवी बसली. भाजी घेईना, जाईना.

"तिच्या सुनेले भरती केलं," ती म्हणाली. "अंगात रक्त कमी झालं म्हने. मले नोहोतं माहीत वो तिले काय हाय ते. भिंतीले भिंत हाय आमची, पन तिनं कधी सांगतलं नाही."

कुंदाबाईने हातातली जुडी खाली ठेवली.

"मी माह्यातली अर्धी भाजी तिच्या दारात ठेवली. तिनं उचलून माह्या दारात ठेवली. मी पुन्हा ठेवली. तिनं पुन्हा आनून ठेवली. तीन दिस असं चालून राहिलं. भाजी सडली, पन बुढी नाही आयकत." ती जमिनीकडे बघत होती. "तुम्ही चला एकदा. माह्या तोंडानं बिघडलं, माह्या तोंडानं नाही सुधरत."

त्या दिवशी मंजूही आली नव्हती. बोरा कोणाकडे सोपवायचा? कुंदाबाईने सगळाच गुंडाळला. उरलेली भाजी झोळीत टाकली आणि मला ठेवायला जागा नव्हती म्हणून मलाही त्याच झोळीत टाकलं. दोडक्यांच्या आणि पालकाच्या मधे. माझ्या वैरिणीच्या पोटात मी पहिल्यांदा गेलो. सांगायला लाज वाटते, पण तिथे गार होतं आणि बरं वाटत होतं.

रुख्मा दारात सुपात तेंदूपत्ता घेऊन बसली होती. बोटं चालत होती. आत नातवंडांचा गलका. कुंदाबाई तिच्यासमोर भुईवर बसली. झोळी उघडली नाही. माफी मागितली नाही. मी झोळीच्या पोटातून ऐकत होतो, तोंडाच्या फटीतून बघत होतो.

"सून कशी हाय?"

"रक्त चढवलं. येईन दोनचार दिसात."

"हं." कुंदाबाईने झोळी मांडीशी ओढली. "रुख्माबाई, एक काम होतं. अंजनाबाईचे गुडघे दुखतेत, मले धंदा पाह्याचा असते. आमाले वाटनारं मानूस पाह्यजे. तू वाटशीन का?"

रुख्माची बोटं थांबली.

"मी?"

"तू इथली. कोनाच्या घरी काय हाय, कोन उपाशी झोपलं, तुले माहीत. आमाले काय माहीत?"

"अन् तो काटा?"

"तो बाजाराचा हाय. बाजारात राहीन."

म्हातारीने हातातली बिडी पूर्ण केली, दोरा गुंडाळला, सुपात ठेवली. शामकला लांब, आपल्या दारात उभी होती. रुख्माने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कुंदाबाईकडे.

"मी वाटली तं माह्या घरी सगळ्यात शेवटी नेईन. उरलं तं. नाही उरलं तं नाही."

"तुही मर्जी."

"अन् रांग नाही लावाची. रांगेत बाया मुक्या होतेत."

पुढच्या मंगळवारी तिने वाटलं. कुंदाबाई त्या दिवशीही बाजारातून थेट आली होती, म्हणून मी झोळीच्या तळाशी होतो, वर भाजीचा ढीग. ढीग कमी होत गेला तसा मला उजेड दिसत गेला आणि आवाज ऐकू येत गेले. आधी अकरा घरं होती, मग कोणी तरी कोणाला हाक मारली. रुख्मा हात घालायची, उचलायची, पदरात टाकायची. बघायचीसुद्धा नाही किती आलं. बघायची समोरच्या बाईच्या तोंडाकडे. "तुह्या घरी पाहुने आले ना? घे." "तू काल आलू आनले मंडईतून, मी पाह्यलं, आज तुले पालकच." ती बाई हसली. मग दुसरी हसली. इतकी वर्षं ज्याचं नुसतं वर्णन ऐकलं होतं, ते मी त्या दिवशी कानांनी ऐकलं.

शामकला शेवटी शेवटी आली. रुख्माने तिच्याही पदरात टाकलं. 

सगळं संपल्यावर कुंदाबाई निघाली, तर शामकलाने तिला आपल्या दारातून हळूच हाक मारली. आत घेतलं, दार लोटलं.

"काटा हाय ना तुमच्याजवळ? तोला हे."

"कायले?"

"तोला तं."

कुंदाबाईने मला काढलं, झोळीतली वजनं काढली. शामकलाची भाजी माझ्या पारड्यात आली. मी सरळ उभा राहिलो आणि जे खरं होतं ते सांगितलं. पावणेदोन किलोच्या वर. त्या दिवशी इतर घरांना किलो सव्वा किलोच आलं असेल, ढीगच तेवढा होता. रुख्माच्या स्वतःच्या घरी चार दोडके गेले होते.

शामकला काट्याकडे बघत राहिली. ती नजर संशयाची नव्हती. मला वाटतं माझ्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदाच माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि तो तिला नको होता.

"मले वाटलंच," ती म्हणाली. "हातात घेतलं तेव्हाच जड लागलं. काऊन दिलं वो तिनं मले जास्त?"

"तिलेच विचार."

तिने विचारलं नाही. पण शनिवारी चार वाजता ती बाजारात हजर होती. झोळी उचलायला.

मला किती किलो आहे ते सांगता येतं. कोणाला किती हवं आहे ते सांगता येत नाही. त्या म्हातारीच्या काळ्या बोटांना ते येत होतं. झोळीवर मी जळत होतो ते उगीचच होतं, ती तर नुसतं कापड. त्या दिवसापासून मी त्या हातावर जळायला लागलो. मत्सर कमी झाला नाही, फक्त त्याला योग्य पत्ता मिळाला.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. मंडळ वाढलं. बाविसांची छत्तीस घरं झाली. अंजनाबाई खुर्चीत बसून देखरेख करू लागली. उमरावने मिल सोडली आणि मंगळवारी-शनिवारी तोच बोऱ्यावर बसायला लागला, बायकोला जाता यावं म्हणून. त्याला भाजी विकता येत नव्हती, पण तक्रार करायचं त्याने सोडलं होतं.

२०१४ साली कुंदाबाईने विजेवर चालणारा काटा घेतला. लाल आकड्यांचा, सपाट. तुम्हाला वाटेल मी त्याच्यावरही जळलो असेन. नाही. लोक त्याच्याकडेही तसेच डोळे बारीक करून बघतात. तो माझा भाऊच आहे, त्याची मला दया येते.

मी काही महिने खुंटीवर राहिलो. मग एक दिवस रामलाल भंगारवाला गल्लीत आला. कुंदाबाई मला घेऊन दारात आली. रामलालने आपला आकड्याचा काटा काढला, माझ्या दांडीत आकडा अडकवला आणि मला हवेत उचललं. माझी पारडी खाली लोंबली. मला तोललं जात होतं. आयुष्यभर मी हे इतरांना केलं होतं.

"पौने दो किलो," रामलाल म्हणाला. "लोहा है बस."

शिक्के, खुशाल मिस्त्रीचा एक मिटलेला डोळा, पंधरा वर्षांचं खरं बोलणं. लोहा है बस. रुख्माने पळसाखाली पदर का पुढे केला नव्हता, ते मला तिथे, त्या आकड्याला लटकत असताना समजलं.

कुंदाबाईने हात पुढे केला. "नोको. दे इकडं."

"बाई, घर में क्या करोगे इसका?"

"दे तं."

दुसऱ्याच दिवशी तिने मला शामकलाच्या घरी नेलं. शामकलाचा नवरा आता ट्रकवर जात नव्हता, मणक्याच्या दुखण्याने घरी बसला होता, आणि तिने वस्तीच्या तोंडाशी भाजी विकायला सुरुवात करायचं ठरवलं होतं. कुंदाबाईने मला तिच्या हातात दिलं. शामकला म्हणाली, "काय देऊ याचं?" कुंदाबाई म्हणाली, "आमच्याकडं हा उरला होता." दोघी हसल्या. मीही उरल्यासुरल्यात जमा झालो, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता मी शामकलाचा. ती जुन्या साडीच्या तुकड्याने मला रोज पुसते. एका साखळीची कडी तुटली, तिथे तिने तार बांधली आहे. तिचा हात कुंदाबाईएवढा हलका नाही, पण ती काटा मारत नाही. एखाद्याने संशयाने पाहिलं तर फटकन म्हणते, "हा काटा खोटं बोलत असन तं मी आपली भाजी फेकून देईन." माझ्या बाजूने इतकं कोणी बोललं नव्हतं.

रुख्मा गेल्या साली वारली. तिच्या जागी आता शामकला वाटते. दुकान मांडलेलं असतं, संध्याकाळचं गिऱ्हाईक यायला लागलेलं असतं, आणि चारच्या ठोक्याला ती मला गोणपाटाखाली झाकते, नवऱ्याला राखणीला बसवते आणि रिकामे हात घेऊन निघून जाते. त्या हातांना आता ते येऊ लागलं आहे, हे मला तिच्या चालीवरून कळतं. मी गोणपाटाखाली पडून असतो. लांबून बायकांचं हसणं येतं. मी जळतो.

तेव्हा वाचकहो, रेल्वे लाइनच्या पलीकडे कधी भाजी घ्यायला आलात, तर मंगळवारी आणि शनिवारी चारच्या आधी या. तेवढाच वेळ ती माझी असते.